चाळीस रुपयांची बाटली आणि साडेचौदा हजारांचं मशीन

आधीच सांगून टाकते, पाणी शुद्ध करायचं हे मशीन वाईट नाही. दिसायला देखणं आहे, पाणी नितळ देतं, चालू असलं की निळा दिवा लागतो. मला ते लागत नव्हतं, एवढीच तक्रार. आता ही तक्रार मशीनची की माझ्या घाबरटपणाची, ते वाचून तुम्हीच ठरवा.

मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहते. घरातच मेस चालवते. चोवीस मुलं आहेत, त्यातली सतरा-अठरा घरी येऊन जेवतात, बाकीच्यांचे डबे जातात. आमची बिल्डिंग बारा फ्लॅटची, पंचवीस वर्षांची. सकाळी महापालिकेचं पाणी येतं ते पार्किंगमधल्या जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून मोटरीनं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि गच्चीवरून माझ्या ओट्यावरच्या नळाला उतरतं. आज हे मी असं घडाघडा सांगतेय, पण जुलैपर्यंत कुणी विचारलं असतं तर "नळाचं पाणी" एवढंच म्हटलं असतं. नळ फिरवला की पाणी येतं. त्याच्या मागं काय आहे ते बघायला कोण जातंय?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेसमधल्या एका मुलाला कावीळ झाली. दोन दिवस ताट तसंच ठेवून उठत होता. मला वाटलं भाजी आवडली नसेल. तिसऱ्या दिवशी बघितलं तर डोळे हळदीसारखे. त्याच्या आईचा फोन आला. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त विचारलं, "काकू, पाणी कुठलं देता हो तुम्ही?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, हिपॅटायटिस ए आहे. आज डोळे पिवळे दिसतात म्हणजे लागण पंधरा ते पन्नास दिवसांपूर्वी कधीतरी झालेली असते, सरासरी महिनाभर धरा. महिन्यापूर्वी हा मुलगा अर्धे दिवस स्वतःच्या गावी होता आणि अर्धे दिवस माझ्याकडं. मधे मित्रांबरोबर कुठंतरी फिरायला गेला होता, तिथं बर्फ घातलेला उसाचा रस प्यायलाय. म्हणजे माझ्यावर ठपका नाही, आणि मी सुटलेही नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन मुली स्वतःच्या बाटल्या घेऊन जेवायला यायला लागल्या. बोलल्या काही नाहीत. बाटली ताटाशेजारी ठेवायच्या, बस्स.

सांगलीच्या माणसाच्या मनात पाण्याबद्दल संशय यायला वेळ लागत नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं हे ऐकत आम्ही मोठे झालो, त्या नाल्यावर किती निवडणुका लढल्या गेल्या त्याचा हिशेब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातले माझे दीर-जाऊ पोराबाळांसकट माझ्याकडं होते. बारा माणसं घरात, आणि आमचा नळ कोरडा. अर्धं शहर पाण्यात आणि प्यायला टँकर! तेव्हा मी बादलीत तुरटी फिरवायचे, गाळ खाली बसायचा, आणि वरचं पाणी किती स्वच्छ झालं म्हणून समाधान वाटायचं. तुरटीनं माती बसते, जंतू मरत नाहीत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलंही नसतं. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधणं हाही त्यातलाच प्रकार. फडकं लाल झालं की आपण ते धुतो आणि पुन्हा बांधतो.

तर अशा मनःस्थितीत मी असताना "मोफत पाणी तपासणी"वाला दारात आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर कळलं की हा खेळ बरेच जण करतात. मुलगा चांगला होता, शर्ट इन केलेला, बोलणं आर्जवी. आधी त्यानं पेनासारखं एक मीटर पाण्यात बुडवलं. १८६. "काकू, बघा, एकशे शहाऐंशी!" मला त्या आकड्यातलं काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघून मी घाबरले. मग त्यानं दोन ग्लास मागितले. एकात माझ्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत सळ्या असलेलं एक यंत्र सोडलं आणि बटण दाबलं.

मिनिटभरात माझ्या ग्लासातलं पाणी आधी पिवळट, मग हिरवट आणि शेवटी काळपट तपकिरी झालं. वर साय आल्यासारखा फेस, खाली गाळ. त्याच्या ग्लासात काहीच नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्ही पोरांना पाजताय, काकू."

मी त्याच दिवशी तीन हजार ॲडव्हान्स दिला. आरओ अधिक यूव्ही, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणारं आणि दिव्यानं जंतू मारणारं, साडेचौदा हजार, बसवणं फुकट.

आता मशीनचा खरा रिव्ह्यू. बसवायला आलेली माणसं वेळेवर आली, टाइल न फोडता भोक पाडलं, ओटा पुसून गेली. पाण्याचा मीटरवरचा आकडा २२ वर आला. चवीला पाणी सपक. चहा मला आवडला नाही, पण मुलांना फरक कळला नाही, त्यामुळं चवीवर फार बोलत नाही. अडचण वेगळीच झाली. मशीनची स्वतःची टाकी आठ लिटरची, आणि मला पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला साठेक लिटर लागतं. दिवसभर मशीन घरघरत बसायचं. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी एक दिवस बादलीत सोडली, शेजारी मोजायला पातेलं ठेवलं. एक लिटर चांगल्या पाण्यामागं तीन लिटर बादलीत. म्हणजे साठ लिटर प्यायला आणि एकशे ऐंशी लिटर मोरीत. चार दिवस त्या पाण्यानं भांडी घासली, पार्किंग धुतलं. पाचव्या दिवशी कंटाळा आला. वर्षाचं फिल्टर बदलणं साडेतीन हजार सांगितलं, ते वेगळंच.

मशीनची टाकी पुरत नाही म्हणून मी एक युक्ती केली. जेवणाच्या खोलीतल्या स्टीलच्या मोठ्या पिंपात आरओचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवायला लागले. वर झाकण, झाकणावर पाणी काढायचा ओगराळा. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढं तिच्यावर यायचंय.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सर राहतात, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मी ग्लासातल्या काळ्या गाळाची गोष्ट सांगितली, तर ते हसले नाहीत, उलट रागावल्यासारखे झाले. म्हणाले, "तो सर्व्हिसला पुन्हा येईल तेव्हा मला हाक मारा. आणि मीठ काढून ठेवा."

पंधरा दिवसांनी तो आला. पहिली सर्व्हिस फुकट होती. सर खाली आले, अगदी प्रेमानं म्हणाले, "जरा ते यंत्र पुन्हा दाखवता का?" पोरगं खूश. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात माझ्या नव्या मशीनचं. सरांनी मशीनच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि म्हणाले, "आता सोडा."

बटण दाबलं. दोन्ही ग्लास तपकिरी झाले. मिठाचा जरा जास्तच.

सरांनी समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. त्या सळ्या लोखंडाच्या असतात. वीज सोडली की लोखंडच पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तयार होतो. आपण बघतो तो गाळ सळईचा असतो, पाण्यातला नसतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते थोडे असतातच, म्हणून तिथं गाळ होतो. आरओनं क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून तिथं वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. चिमूटभर मीठ टाकलं की तेही "घाण". सर म्हणाले, "या हिशेबानं तुमची आमटी म्हणजे महाभयंकर विष."

पोरगं ओशाळलं. म्हणालं, "सर, आम्हाला ट्रेनिंगला एवढंच दाखवतात हो. मला पण माहीत नव्हतं." मला ते खरं वाटलं. त्याला चहा दिला. त्या गाळापायी तीन आठवडे माझी झोप गेली होती, पण त्या मुलावर राग काढावा असं काही वाटलं नाही.

आकड्याचंही तसंच. मीटर दाखवतो ते टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. माझे १८६ म्हणजे उत्तम. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादानं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथं टीडीएस ५०० च्या आत आहे तिथं आरओवर बंदी आणा, पाणी वाया जातं. आणि मुख्य गोष्ट, कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो करणारे जंतू या मीटरला दिसतच नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या ग्लासात १९० येईल आणि शुद्ध पाण्यातही १९० येईल. मला हे ऐकून एकदम रिकामं वाटलं. मग एवढे दिवस मी कशाला घाबरत होते, आणि ज्याला घाबरायचं ते मोजायचं कशानं?

सरांनी एका दुकानातून चार छोट्या बाटल्या आणल्या. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणारं दुकान आहे. एक बाटली चाळीस रुपये. याला एचटूएस व्हायल म्हणतात. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या लोकांनी ही पद्धत जगासमोर मांडली, खेड्यापाड्यांत यंत्रांशिवाय पाणी तपासता यावं म्हणून. बाटलीत औषध वाळवलेलं असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं, गरम जागी ठेवायचं. मैल्याबरोबर येणारे बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात, औषधातल्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की बाटली काळी होते. काळी झाली की पाण्यावर संशय घ्यायचा.

चार ठिकाणचं पाणी घ्यायचं ठरलं. पार्किंगमध्ये महापालिकेच्या लाइनवर एक थेट नळ आहे, तो कुठल्याच टाकीतून येत नाही, आम्ही त्यावर गाड्या धुतो. तो पहिला. दुसरा माझ्या ओट्यावरचा, गच्चीच्या टाकीचा. तिसरं मशीनचं. चौथ्यासाठी सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि पिंपाकडं बोट केलं. मी म्हटलं, "अहो, त्यात मशीनचंच पाणी आहे." "असू दे की. एक बाटली उरलीय."

पाणी घेतानाही शिस्त होती. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, लायटरच्या ज्योतीनं तापवलं (प्लास्टिकच्या तोटीला हे करू नका), दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटलीच्या काठाला बोट न लावता भरलं. वर चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ असे आकडे घातले. पावसाळी हवा गार, म्हणून चारही बाटल्या फ्रिजच्या मागं, जिथं कोमट असतं तिथं ठेवल्या. शेजारी ठेवलेली लोणच्याची बरणी हलवली, उगाच घोटाळा नको.

संध्याकाळी सहाला ठेवल्या होत्या. सकाळी पोळ्या लाटता लाटता चार वेळा डोकावले. चारही फिकट पिवळ्या, गवताच्या काडीच्या रंगाच्या. दुपारी दोनला २ नंबरच्या तळाशी शाईचा थेंब पडल्यासारखं दिसलं. चार वाजेपर्यंत ती पूर्ण काळी. तव्याच्या पाठीसारखी काळी. ओट्यावरचा नळ, वीस वर्षं मी ज्याचं पाणी भरतेय तो.

१ नंबर तशीच पिवळी. ३ नंबर तशीच.

रात्री साडेअकराला झोपायच्या आधी पुन्हा बघितलं, तर ४ नंबर काळी पडायला लागली होती. पिंप.

साडेचौदा हजारांच्या मशीनचं पाणी माझ्याच पिंपात एका रात्रीत बिघडलं होतं. ओगराळा झाकणावर, मुलं तोच उचलतात, कुणाचा हात कसा असेल काय माहीत, घाईत कुणी ग्लासच बुडवतं. सर म्हणाले, यात अजून एक गोम आहे. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते, त्यातलं थोडं नळापर्यंत शिल्लक राहावं असा नियम आहे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. तो शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याचा राखणदार. मशीनमध्ये आधी कार्बनच्या कांडीतून पाणी जातं, तिथं क्लोरीन काढून टाकतात, नाहीतर पुढचा पडदा खराब होतो. त्यामुळं आरओचं पाणी शुद्ध असलं तरी निराधार असतं. ओगराळ्याबरोबर चार जंतू आले तर त्यांना अडवणारं कुणी नाही.

हे क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टनं पण दिसलं. खेड्यातल्या लोकांना ही टेस्ट चांगली माहीत आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर हीच करतो. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. जितका गडद, तितका जास्त. पार्किंगच्या नळाचं पाणी लगेच छान पिवळं झालं, पट्टीवर ०.५ च्या आसपास. ओट्यावरचं कोरं. मशीनचं कोरं. पिंपाचं कोरं. या किटला माझे पाचातले चार. एक कापला कारण ते औषध अंगाला लागलेलं बरं नव्हे, हातमोजे घालावे लागतात, आणि रंग थेंब टाकल्या टाकल्या बघायचा, उशिरा बघितला तर चुकीचा आकडा दिसतो. डीपीडीच्या गोळ्या मिळतात, त्यांनी पाणी गुलाबी होतं, त्या जास्त भरवशाच्या. पण महाग.

चाळीस रुपयांच्या बाटलीला पाच. तिच्याबद्दल दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. काळी झाली म्हणजे मैल्याचेच जंतू असं शंभर टक्के नसतं, इतर काही जंतूही तिला काळं करतात. आणि काविळीचा विषाणू तिला दिसत नाही. मैल्याची वाट उघडी आहे की नाही एवढंच ती सांगते. म्हणून आम्ही खात्रीसाठी सरकारी प्रयोगशाळेतही नमुना दिला. तिथं निर्जंतुक बाटली देतात, तिच्यात क्लोरीन मारणारं औषध असतं, नाहीतर बाटलीतच जंतू मरून रिपोर्ट खोटा चांगला येतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. पार्किंगच्या नळाचा रिपोर्ट "पिण्यास योग्य" आला, ओट्यावरच्या नळाचा "अयोग्य". आणि हो, वापरलेल्या काळ्या बाटल्या तशाच कचऱ्यात टाकू नका, आत ब्लीचिंगचं पाणी ओतून ठेवा. उघडल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो, तो माझ्या स्वयंपाकघरात दोन तास होता.

पुढचं काम टाकीचं. यासाठी बोलावलेले दोघं मिरजेकडचे होते. पंप, लांब दांड्याचे ब्रश, गाळ ओढायचं व्हॅक्यूम असं सगळं सामान त्यांचं. वरची टाकी धुवायला नऊशे रुपये, खालची बाराशे. गच्चीवर गेले आणि पाच मिनिटांत वरून हाक आली, "काकू, हितं या की जरा!"

गुडघे दुखतात तरी गेले. टाकीचं झाकण एका बाजूनं तडकलेलं, त्यावर कुणीतरी वीट ठेवलेली. आत टॉर्च मारला. पाण्यावर कबुतराची पिसं. तळाशी चार बोटं चिखल. कोपऱ्यात एक पाल, कधीची कुणास ठाऊक, पांढरी पडलेली. ते पोरगं म्हणालं, "ही काय न्हाई काकू. आम्हाला एकदा आख्खं कबूतर घावलंय."

खालच्या टाकीत उतरले ते आधी मेणबत्ती पेटवून दोरीनं आत सोडून, हवा आहे का बघून. मला ते आवडलं. तिथं खरी गोम निघाली. टाकीची एक भिंत ओली, आणि त्या भिंतीच्या पलीकडं दोन हातांवर ड्रेनेजचा चेंबर. टाकी रिकामी केल्यावर त्या भिंतीतून पाझर येताना डोळ्यांनी दिसला. बारीक, घामासारखा. टाकी भरलेली असताना आतलं पाणी बाहेर दाबतं, म्हणून काही कळत नाही. रोज पहाटे ती रिकामी होते तेव्हा बाहेरचं आत येतं. म्हणजे नदीतून उपसलेलं, गाळलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी आमच्या गेटपर्यंत चांगलं येत होतं आणि गेटच्या आत आल्यावर आम्ही ते खराब करत होतो.

याच्यावर सोसायटीची मीटिंग झाली. सफाई, गवंडी आणि नवं झाकण मिळून फ्लॅटमागं साडेआठशे येत होते. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडं आरओ आहे, आम्ही कशाला द्यायचे?" सरांनी विचारलं, "दात कुठल्या पाण्यानं घासता?" ते म्हणाले, "नळाच्या." "कोथिंबीर, काकडी?" ते बोलले नाहीत. बायकोनं आतून येऊन पैसे दिले. तरी दोन फ्लॅटचे अजून यायचेत, मीच घातलेत. सगळ्यांत जास्त पाणी मीच वापरते, त्यामुळं बोलायला तोंडही नाही.

गवंड्यानं भिंतीला आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर केलं, चेंबरची फुटलेली जोडणी बदलली. सफाईवाल्यांनी दोन्ही टाक्या ब्रशनं घासून ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतल्या, ते पाणी नळांतूनही सोडून दिलं. पुढं काय करायचं ते सरांनी लिहून दिलंय, माझ्या फ्रिजवर चिकटवलंय. ओटी टेस्टला रंग आला नाही तरच हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत, आणि तासभर थांबायचं. आमची टाकी पाच हजार लिटरची, म्हणजे साडेबारा ग्रॅम. मसाल्याच्या काट्यावर मोजते. पावडर जुनी असली, डबा उघडा राहिला तर तिच्यातला दम जातो, तेवढं बघायचं. सफाईवाल्या पोरांना पाचातले साडेचार. अर्धा कापला तो गच्चीवर चिखल तसाच ठेवून गेले म्हणून. फोन केल्यावर येऊन नेला, पण फोन करायला लागला.

आठवड्यानं परत बाटल्या ठेवल्या. अठ्ठेचाळीस तास झाले तरी ओट्यावरच्या नळाची पिवळीच. पिंप मी काढून टाकलं, खाली तोटी असलेलं नवं घेतलं, झाकण तारेनं बांधून टाकलंय. त्याचीही बाटली पिवळीच राहिली. पावसाळ्यात मुलांना प्यायचं पाणी मी खळाखळा उकळते, मिनिटभर उकळी पुरते. गॅस जातो, जाऊ दे. नळ सुटल्यावर पहिली पाच मिनिटं पाणी झाडांना. रात्रभर पाइप रिकामे असतात, कुठं फुटलेलं असलं की त्या वेळात बाहेरचं आत ओढलं जातं, ते पहिल्या पाण्याबरोबर येतं. आणि महापूर आला तर हे सगळं सोडा, तेव्हा उकळल्याशिवाय थेंब नाही. माझा पार्किंगचा नळ त्या आठवड्यात पास झाला म्हणून तुमचा नळ पास झाला असं समजू नका. चाळीस रुपये खर्च करा.

कावीळ झालेला तो मुलगा पाच आठवड्यांनी परत आला. वाळलेला. जेवायला बसला, तोटीचं पिंप बघितलं, तारेनं बांधलेलं झाकण बघितलं आणि म्हणाला, "काकू, एवढा बंदोबस्त?" त्याला कुठलं पाणी बाधलं ते मला कळलं नाही, आता कळणारही नाही. त्याच्या आईला मी दोन्ही रिपोर्ट पाठवले, ओट्यावरच्या नळाचा अयोग्य पण. तिनं फक्त "बरं केलंत" असं उत्तर दिलं. दोन मुलींमधली एक अजून बाटली आणते.

मशीन आता बंद आहे. विकायचंय. चार महिने वापरलेलं, फिल्टर चांगले आहेत, बिल आहे. पण ज्यांच्याकडं महापालिकेचं पाणी आहे त्यांनी विचारू नका, मी देणार नाही. बोअरवाल्यांनी विचारा. माझ्या धाकट्या जावेचं घर कवलापूरच्या बाजूला आहे, तिच्या बोअरचा टीडीएस मीटरवर १४०० आला. गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर, आणि तूरडाळ चार शिट्ट्या झाल्या तरी दाण्याला दाणा, सोडा टाकल्याशिवाय शिजत नाही. तिला मशीन खरंच लागतंय. तिनं सात हजार सांगितलेत. मी नऊवर आहे.